लेकरांचा राग: शिकवायचं ते राग नसताना

लेकरू भुईवर लोळून पाय आपटत असताना त्याला काहीही शिकवायला जाऊ नका. त्या घडीला आपलं बोलणं त्याच्या कानात शिरतच नाही. रागाची ओळख करून द्यायची ती राग नसताना. सकाळी प्रार्थना झाल्यावर, दुपारी खिचडी पोटात गेल्यावर, रात्री अंथरुणावर गोष्ट सांगताना. घरोघरी मात्र उलटं चालतं. राग आला की अर्धा तास व्याख्यान, आणि लेकरू हसतंय-खेळतंय तेव्हा 'आता बरं हाय, कशाला आठवण काढायची?' एवढा क्रम बदलला तरी निम्मं काम झालं, असं मी धरून चालते.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची लेकरं रोज माझ्यापुढं असतात, आणि त्यांच्या बोटाला धरून येणारी दोन-अडीच वर्षांची भावंडं वेगळीच. कागदावर आमचं काम म्हणजे आहार, वजन-उंची, लसीकरण आणि शाळेआधीचं शिक्षण. रोजच्या ओरबाडण्या-चावण्याला रजिस्टरमध्ये रकाना नाही, पण सकाळचा बराच वेळ त्यातच जातो. पुढं जे सांगतेय ते घरी पण करता येतं. खडू, चिंचोके, कापूस आणि माती एवढ्यावर भागतं.

कोणत्या वयाकडून काय मागायचं

दीड ते तीन वर्षांचं लेकरू चिडणारच. चप्पल त्याला स्वतःच घालायची असते, बोटं मात्र वळत नाहीत, आणि अडलंय कुठं ते सांगायला शब्द नसतात. या वयात आदळआपट सगळ्यात जास्त. बोलणं सुधारलं की, म्हणजे चारच्या आसपास, बहुतेकांची ती आपोआप कमी होत जाते. 'थांब, आधी विचार कर' असं सांगणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते. तेव्हा अडीच वर्षांच्या पोराला 'तुला कळत न्हाई का?' असं विचारलं, तर 'न्हाई' हेच त्याचं खरं उत्तर.

म्हणून दोन वर्षांच्याकडून काही मागू नका. त्याला लागू नये, त्यानं कुणाला लावू नये एवढं बघा आणि जवळ राहा. तीन वर्षांचं लेकरू राग आलाय हे बोटानं दाखवू शकतं. चार-पाचचं लेकरू आपण आठवण केली तर फुंकर मारतं, पाणी पितं, बाजूला जातं. सहाव्या वर्षी कधीमधी ते आपलं आपण जमवतं. कधीमधीच. रोज जमलं पाहिजे असा हट्ट मोठ्यांनी धरायचा नाही, कारण मोठ्यांना तरी रोज कुठं जमतं?

राग अंगात कुठं येतो

हा आमच्याकडचा सगळ्यात आवडता खेळ आहे. एका लेकराला फरशीवर उताणं झोपवायचं आणि खडूनं त्याच्या कडेकडेनं रेघ ओढायची. ते उठलं की जमिनीवर माणूस उरतो. 'मला बी काढा, मला बी काढा' म्हणत रांग लागते. मग प्रत्येकाच्या मुठीत थोडे चिंचोके द्यायचे. (तीन वर्षांखालच्यांना देऊ नका, नाकात घालतात. त्यांना नुसता हात ठेवायला सांगा.) आधी सोपं विचारायचं: भूक लागली की कुठं कळतं? सगळे पोटावर चिंचोके ठेवतात. थंडी वाजली की? कुणी दातावर, कुणी गुडघ्यावर. असं दोन-तीनदा झालं की मग विचारायचं, 'तुझी पाटी कुणी हिसकली, तर अंगात कुठं काय होतं?'

इथं मात्र प्रत्येकाचं वेगळं निघतं. एकानं सगळे चिंचोके दोन्ही मुठींवर ठेवले. एक म्हणाला, 'कान गरम होत्यात.' चार वर्षांच्या एका पोरीनं पोटावर ढीग केला आणि सांगितलं, 'पोटात भाकर फुगती.' तव्यावरून चुलीच्या आरावर टाकलेली ज्वारीची भाकरी ती रोज बघते, तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या अंगणवाडीत हीच खूण चालते. कुणाच्या नाकपुड्या फुलायला लागल्या की मी नुसतं विचारते, 'भाकर फुगायली का रं?' लेकरू पोटावर हात ठेवून बघतं. या बघण्यातच दोन क्षण जातात, आणि मारायला उचललेला हात बऱ्याचदा तिथंच अडतो.

आपल्या लेकराची खूण आपण हेरून ठेवायची. कुणी खालचा ओठ चावतं, कुणी पायाची बोटं मातीत रुतवतं, कुणाचा आवाज चिरका होतो. आरडाओरड करणारं सोपं, ते लगेच कळतं. अवघड असतात मुकी लेकरं. आमच्यातलं एक चिडलं की दारामागं जाऊन भिंतीचा पोपडा नखानं काढत बसायचं, आणि थोड्या वेळानं येऊन शेजारच्याला चावायचं. पोपडा ही त्याची खूण. ते दाराकडं निघालं की मदतनीस मावशी त्याच्या हातात मातीचा गोळा द्यायच्या, काही न बोलता. चावणं कमी होत गेलं.

किती राग आलाय हेही चिंचोक्यांनीच सांगायचं. एक म्हणजे थोडा, तीन म्हणजे जास्त, मूठभर म्हणजे लई. बोलता येत नाही तेव्हा लेकरू चिंचोके पुढं सरकवतं. थोडा असतानाच सरकवायला शिकलं तर फारच चांगलं, कारण मूठभर झाल्यावर कुठलाच उपाय चालत नाही, नुसती वाट बघायची असते.

अजून एक. 'कामून रडायलास?' असं विचारू नका. कामून ते त्याला माहीत नसतं, आणि विचारल्यावर ते आणखी चिडतं. त्यापेक्षा आपण अंदाज करून दोन गोष्टी पुढं ठेवायच्या: 'ताईनं आधी तिला दिलं म्हणून चिडलास, का तुला भूक लागलीय?' चुकला अंदाज तर मान हलवील. रागाखाली बऱ्याचदा दुसरंच काही दडलेलं असतं: भीती, लाज, धाकट्या भावाचा हेवा, नुसता कंटाळा. चड्डी ओली झाल्याची लाज वाटून शेजारच्याला ढकलणारं लेकरू मी पाहिलंय. ढकलल्याबद्दल बोलणी बसली, चड्डी तशीच ओली राहिली.

फुंकर

'मोठा श्वास घे' म्हटलं की लेकरं खांदे वर करून छाती फुगवतात आणि तशीच थांबतात. त्यानं ताण उलट वाढतो. शिकवायचं ते श्वास सोडणं. श्वास सावकाश बाहेर सोडला की छातीतली धडधड उतरते, हे मोठ्यांनाही लागू आहे.

आमच्या भागात कापसाला तोटा नाही. बोंडातला कापूस काढून, सरकी वेगळी करून, बोराएवढा पुंजका करायचा. फरशीवर खडूनं दोन रेघा मारायच्या, हातभर अंतरावर. पालथं पडून पुंजका फुंकरीनं एका रेघेवरून दुसऱ्या रेघेपर्यंत न्यायचा, पण उडू द्यायचा नाही. जो जोरात फुंकेल त्याचा कापूस भिंतीला जातो आणि तो हरतो. जिंकायचं तर ओठ बारीक करून लांब, हळू फुंकावं लागतं. हेच आपल्याला हवंय. घरी बशीतला चहा नाहीतर वाटीतलं गरम वरण निववताना पण हे शिकवता येतं: 'सांडू नको द्यायचं बरं का.'

रोज प्रार्थनेनंतर हा खेळ घ्यायचा, कुणी चिडलेलं नसताना. रोजचा सराव असला तरच रागात आठवतं. ऐनवेळी पहिल्यांदाच 'फुंकर मार' म्हणणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

हाताला काम

रागात हातापायात जोर येतो, त्याला कुठंतरी जायला वाट पाहिजे. आमच्याकडं काळी माती आहे. पोळ्याच्या आधी लेकरं मातीचे बैल करतातच. आम्ही माती वर्षभर ठेवतो, ओल्या गोणपाटाखाली. मळायची, दाबायची, वळ्या करायच्या. घरी कणकेचा गोळा चालतो. भिंतीला दोन्ही हात लावून 'भिंत सरकव' म्हणायचं, भरलेली कळशी दोघांनी मिळून उचलून ठेवायची, शेंगा फोडायच्या. अंगाला जोर लावायला लागेल असं कोणतंही काम.

काही आजोबा सांगतात, 'उशीला मार, राग निघून जाईल.' मला हे पटत नाही. मारून राग जात नाही. चिडलं की मारायचं हीच सवय पक्की होते, आणि आज उशी आहे, उद्या बहीण. दाबणं, ढकलणं, उचलणं वेगळं. ठोसे मारणं वेगळं.

जागेचं पण महत्त्व आहे. आमच्या खोलीत माठाजवळ पोतं अंथरलेला एक कोपरा आहे. तिथं थंड असतं, पेलाभर पाणी मिळतं. पण तिकडं कुणालाही शिक्षा म्हणून पाठवत नाही. मी स्वतःही डोकं तापलं की तिथं जाऊन बसते आणि लेकरांना सांगते, 'बाईला राग आलाय, बाई पाणी पिऊन येते.' लेकरं हे फार बारकाईनं बघतात. एकदा कोपऱ्याची शिक्षा केली की तो कोपरा बाद झाला समजा.

भडकल्यावर

एवढं सगळं करूनही लेकरं भडकतात. त्या वेळी बोलणं कमी करायचं. उभ्यानं वरून ओरडू नका, खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. आवाज नेहमीपेक्षा खाली. तीनच वाक्यं पुरतात: 'लई राग आलाय तुला. मी हाय इथं. मारू देणार न्हाई.' मारायला हात उचलला तर मनगट धरायचं, पिरगळायचं नाही. दगड, सांडशी, पेटती चूल यांच्यापासून लांब न्यायचं. बाकीची लेकरं गोळा होऊन बघत असतील तर त्यांना दुसरीकडं पाठवायचं. बघे असले की तमाशा लांबतो.

मग वाट बघायची, आवाज ऐकत. अशा रडण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. ओरडणं, लाथा, फेकाफेकी हा राग. तो लवकर चढतो आणि आधी उतरतो. मागं उरतं ते नुसतं मुसमुसणं, ते दुःख. राग चढलेला असताना कुशीत ओढलं तर लेकरू आणखी ढकलतं. मुसमुसणं सुरू झालं, अंग सैल पडलं, की हात पुढं करायचा. ते आपणच येऊन टेकतं. पाणी द्यायचं, नाक पुसायचं. त्या वेळीही भाषण नको.

नंतर, सगळं निवल्यावर, मोडलं असेल ते सावरायला लावायचं. सांडलेले दाणे दोघांनी मिळून वेचायचे. ज्याला मारलं त्याच्यासाठी ओल्या फडक्याची घडी आणून द्यायची. 'सॉरी म्हण, म्हण सॉरी' असं मानेवर बसून वदवून घेतलेलं सॉरी पोपटपंची असतं, मी ते मागतच नाही.

दुकानासमोरचं लोळणं हा वेगळा प्रकार. पाच रुपयांच्या पुड्यासाठी लेकरू रस्त्यात आडवं पडतं, चारचौघं बघायला लागतात आणि आई पुडा घेऊन देते. चारदा नाही म्हणून पाचव्यांदा दिलं, तर लेकरू एवढंच शिकतं की पाच वेळा रडावं लागतं. द्यायचं असेल तर पहिल्याच मागण्याला द्या, राग नाही. द्यायचं नसेल तर घरातून निघतानाच सांगा: 'आज तेल अन् साखर आणायचीय, पुडा न्हाई.' आणि मग देव खाली आला तरी देऊ नका. आजोबांनाही सांगून ठेवा, नाहीतर ते मागच्या खिशातून काढून देतात.

मोबाईलचं तसंच आहे. हातातून हिसकला की लेकरू फुटणारच. 'हे गाणं संपलं की ठेवायचा' असं आधी सांगायचं आणि ठेवायला त्यालाच लावायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. रडणं थांबवायला फोन देणं मात्र एक मिनिटही नको. राग उतरवायची एकच रीत त्यानं लेकराला ठाऊक होते, आणि ती आपल्या खिशात असते.

मोठ्यांची खोड

आता थोडं कडू लिहिते. लेकराला चिडवणं ही आमच्याकडं पारावरची फुकटची करमणूक आहे. 'तुला तर बोहारणीकडून घेतलंय.' 'तुझी माय तुला सोडून गेली, आता दुसरी आणायची.' 'तुझा बाप मपला (माझा) हाय, तुपला (तुझा) न्हाई.' लेकरू आधी कसनुसं हसतं, मग डोळे भरतात, मग दगड उचलतं. सगळे हसतात: 'बघा कसला चिडका हाय!' ज्याला आई खरंच सोडून जाईल का हे अजून नीट कळत नाही, त्याला हे ऐकवायचं आणि वर चिडकं म्हणायचं. पाहुणा असो की चुलता, मी तिथंच थांबवते. लेकराला उचलून घेते आणि मोठ्यानं सांगते, 'मामा गंमत करायलेत, पण ही गंमत चांगली न्हाई.' मामांना राग आला तर येऊ द्या, त्यांच्यासाठी माठाजवळ जागा आहे.

दुसरी खोड, लेकरू पडलं की जमिनीला मारायची. 'हात्त मेल्या, कुणी लावलं माझ्या बाळाला? ह्या भुईनं? थांब, हिला मारू.' प्रेमानंच करतात सगळे. पण लागलं की दुसऱ्या कुणाला तरी मारायचं, हा धडा लेकरू चालायला लागण्याआधीच गिरवतं. त्यापेक्षा 'लागलं, दुखतंय, फुंकर मारू' हे पुरे. फुंकरीचा सराव पण होतो.

तिसरी, पोरगा-पोरगी वेगळं धरणं. पोरानं ताट फेकलं तर 'आज्यावर गेलाय, वाघ हाय'. पोरीनं नुसता पाय आपटला तर 'पोरीच्या जातीला एवढा राग शोभत न्हाई'. एकाला राग मिरवायला शिकवायचं, दुसरीला गिळायला. चिंचोके दोघांना सारखेच द्या.

ऊसतोडीच्या घरातली लेकरं

बीड जिल्ह्यात हा विषय टाळून लेकरांच्या रागाबद्दल बोलताच येत नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडणाऱ्यांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात, आणि ट्रॅक्टर कधी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडं, कधी कर्नाटकात. काही लेकरं पाचटाच्या कोपीत (झोपडीत) आई-बापाबरोबर राहतात, काही गावात आजीजवळ. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात सगळे परत.

मागं राहिलेलं लेकरू आधी गप्प होतं. मग अंथरूण ओलं करायला लागतं, जे त्यानं सोडलेलं होतं. मग मारामारी. आजी म्हणते, 'लाडानं बिघडलं.' ते बिघडलेलं नसतं, त्याला आईची वाट बघून राग आलेला असतो आणि तो काढायला समोर आजीच असते.

निघताना लेकरू झोपेत असताना गुपचूप जाऊ नका. रडेल म्हणून तसं करतात, पण मग ते झोपायलाच भितं. दिवसाढवळ्या सांगून, पापा घेऊन, रडू देऊन जावं. किती महिने हे त्याला कळत नाही; सण कळतात. 'संक्रांतीचा तिळगूळ, मग होळी, मग पाडव्याच्या आसपास आई' अशी ओळ लावून द्यायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या सणांना कुंकू लावायचं. पट्टा लांबणार असेल तर तेही सांगायचं, खोटी तारीख द्यायची नाही. आईची जुनी साडी लावून शिवलेली वाकळ त्याच्या अंगावर टाकायची, ती धुवायची घाई करू नका. त्या वासानं लेकरू निवतं. फोन ठरल्या वेळी करावा. आणि फोन ठेवताना 'आज्जीला तरास दिलास तर मी येणार न्हाई' असं चुकूनही म्हणू नका. तुमच्यासाठी ती बोलायची पद्धत आहे, पाच वर्षांचं लेकरू ते खरं धरतं.

आणि परत आल्यावर. आई हात पसरते आणि लेकरू आजीच्या लुगड्यात तोंड लपवतं. जवळ घेतलं तर केस ओढतं, चावतं. आया माझ्याकडं येऊन रडतात: 'बाई, लेकरू परकं झालं.' परकं झालं असतं तर चावलं नसतं. परक्याला लेकरू हात लावत नाही. ज्याची सगळ्यात जास्त वाट बघितली त्याच्यावरच हा राग निघतो. ओढून घेऊ नका, 'मला वळखलं न्हाई का?' विचारू नका, आणलेला खाऊ आमिषासारखा दाखवू नका. त्याच्याजवळ बसून आपलं काम करा: ज्वारी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. अंघोळ आणि जेवण आजीनं घालायचं चालू ठेवून, एकेक काम हळूहळू आईकडं येऊ द्या. काही दिवस जातात. चावलं तर 'मी गेले म्हणून रागावलास. आता मी हितंच हाय. चावू देणार न्हाई.' बस.

एक वही

अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३१ साली लहान मुलांच्या रागावर पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी आयांना घरी नोंदी ठेवायला सांगितलं होतं: राग कधी आला, आधी काय झालं, किती वेळ टिकला, मोठ्यांनी काय केलं. त्यात दिसलं की जेवणाच्या आधी आणि झोपेच्या वेळी भडके वाढतात. शंभर वर्षं होत आली, आमच्या गावातही तेच दिसतं.

तुम्हीही आठवडाभर एका वहीत लिहा. आईला वेळ नसेल तर शाळेतली मोठी बहीण लिहील. वेळ, आधीची गोष्ट, नंतरची गोष्ट, तीन रकाने. मग उपाय डोळ्यांना दिसतो. सकाळी अकराला रोज भडका उडत असेल तर लेकरू चहा-बिस्किटावर आलेलं असतं. चतकोर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन पाठवा. तीन-चार वर्षांच्या लेकराला दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते, दुपारची धरून; टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत जागवलं तर दुसऱ्या दिवशी त्याची किंमत अंगणवाडी मोजते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात, वीज गेलेली, बाहेर चाळीसच्या वर पारा, तेव्हा तर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. ओलं फडकं, माठातलं पाणी, कडुलिंबाची सावली, इतर शिकवणी सगळी नंतर. कान दुखणं, शौचाला कडक होणं, जंत हेही बघून घ्या. जंताची गोळी अंगणवाडीत वर्षातून दोनदा मिळते, ती चुकवू नका.

कधी दाखवायचं

काही लेकरं रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात, क्षणभर भान जातं. घरात आकांत होतो. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, तोंडात पाणी ओतणं, गदागदा हलवणं यातलं काही करू नका. कुशीवर झोपवा, तोंडात काही असेल तर काढा, मिनिटभरात श्वास आपोआप येतो. नाहीच आला किंवा झटके लांबले तर सरळ १०८ ला फोन. आणि थांबलं तरी एकदा डॉक्टरला दाखवाच, कारण रक्त कमी असलेल्या लेकरांत हे जास्त दिसतं आणि लोहाच्या औषधानं बऱ्याच जणांचं कमी होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी लोहाचं पातळ औषध सरकारी योजनेत आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली असतं. आशाताईकडं किंवा आमच्याकडं मागा.

पाच वर्षं उलटूनही रोज भडके येतात, ते अर्धा-अर्धा तास थांबत नाहीत, लेकरू स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतं, बोलणं वयाच्या मानानं फार मागं आहे, हाक मारली तर वळत नाही, किंवा आधी बोलत-खेळत होतं आणि आता मिटून गेलंय, तर 'मोठं झाल्यावर सुधरंल' म्हणत थांबू नका. ऐकू कमी येणारी लेकरं हट्टी म्हणून मार खात राहतात, हे मी बघितलंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी लेकराला शेतात नेऊ नका. पुढं गरज लागली तर जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. घरच्या माणसांचाच धीर सुटत असेल, हात वारंवार उठत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

पथकासमोर 'लई चिडकं हाय' एवढंच सांगून मोकळे होऊ नका. आठवड्याची वही सोबत आणा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. त्यांच्याकडं वेळ कमी असतो, आणि कुठल्या वेळी, कशावरून, किती वेळ हे लिहिलेलं असलं तर पुढची विचारपूस नेमकी होते.